फ्रॉककोट ते होल टॉवेल

शस्त्रक्रियेच्या टेबलावरची सर्वांत साधी वस्तू कोणती, असे विचारले तर कुठलीही जुनी इन्चार्ज सिस्टर होल टॉवेलकडे बोट दाखवील. जाड सुती कापडाचा हिरवा चौकोन आणि त्याच्या मधोमध काठ दुमडून शिवलेले भोक. त्या भोकातून सर्जनला रुग्णाच्या शरीराची जिथे सुरी चालायची तेवढीच जागा दिसते. बाकी सगळे झाकलेले असते. हिंगोली जिल्ह्यात रोज कुठे ना कुठे सिझर होते, हर्निया शिवला जातो, मोतीबिंदू काढला जातो, कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया होते. त्या प्रत्येक वेळी हे कापड धुऊन, दाबाखालच्या वाफेतून काढून टेबलावर आलेले असते. संत नामदेवांचे जन्मस्थान मानली जाणारी नर्सी याच जिल्ह्यात आहे. शिंप्याच्या घरातल्या संताच्या या मुलखात शस्त्रक्रियेचा इतिहास कापडाच्या अंगाने सांगणे शोभूनही दिसते.

या कापडाचा रोजचा प्रवास मोठा शिस्तीचा असतो. रक्ताने भरलेले कापड आधी थंड पाण्यात पडते, कारण गरम पाण्यात टाकले की रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण, सोडा, ऊन. वाळलेले कापड उजेडासमोर धरून विरले आहे का, छिद्रे पडली आहेत का ते पाहायचे. गाऊनची घडी उलटी घालायची, म्हणजे घालणाऱ्याचा हात फक्त आतल्या बाजूला लागतो. मग सगळे पत्र्याच्या गोल ड्रममध्ये सैलसर भरायचे. दाबून भरले तर वाफ मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. ड्रमच्या कडेची भोके उघडी ठेवून तो ऑटोक्लेव्हमध्ये जातो, १५ पौंड दाब आणि १२१ अंश सेल्सिअस तापमान घेतो, आणि बाहेर येताच ती भोके सरकत्या पट्टीने बंद होतात. उघडल्यावर कापड ओलसर लागले तर तो ड्रम बाद, कारण ओल्या धाग्यांतून जंतू बाहेरून आत सरकतात. हे सगळे सर्जन करत नाही. सिस्टर, ओटीतल्या म्हणजे शस्त्रक्रियागृहातल्या मावशी आणि मामा करतात. त्यांची नावे केसपेपरवर कुठेच येत नाहीत.

दीडशे वर्षांपूर्वी यातले काहीही नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडन-एडिंबरोचे नामवंत सर्जन जुना फ्रॉककोट अंगावर चढवून शस्त्रक्रिया करत. तो कोट कधी धुतला जात नसे. वाळलेल्या रक्ताने तो जितका कडक, तितका सर्जन अनुभवी अशी समजूत होती. टाके घालायचे रेशीम त्याच कोटाच्या काजात अडकवलेले असे. जखमेत पू होणे हे बरे होण्याचे लक्षण मानले जाई. १८४६ मध्ये ईथर आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आले. वेदना गेली, रुग्ण निपचित पडून राहू लागला, सर्जनला घाई उरली नाही आणि शस्त्रक्रिया लांबल्या, वाढल्या. त्यांच्यासोबत मृत्यूही वाढले. रुग्ण टेबलावर दगावत नसे, आठवड्याभराने वॉर्डात दगावे.

व्हिएन्नातल्या इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये विद्यार्थ्यांना शवविच्छेदनाहून बाळंतिणीकडे जाताना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्यांच्या विभागात १८४६ मध्ये शंभरामागे ११ बाळंतिणी दगावत होत्या, १८४८ मध्ये हे प्रमाण सव्वावर आले. तरीही वैद्यकातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांचे ऐकले नाही. डॉक्टरचेच हात मृत्यू वाहून नेतात, हे मान्य करणे त्यांना जड गेले.

मग जोसेफ लिस्टर आले. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रुग्णालयात जेम्स ग्रीनलीज नावाच्या ११ वर्षांच्या मुलाला आणले गेले. गाडीचे चाक पायावरून गेले होते आणि मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर आले होते. अशा दुखापतीत पाय कापणे हाच त्या काळचा उपाय. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. जखम चिघळली नाही आणि मुलगा आपल्या पायांनी घरी गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चर यांचे जंतूंविषयीचे संशोधन लिस्टर यांनी वाचले होते, त्यातून ही कल्पना आलेली. त्यांच्या वॉर्डात पूर्वी अवयव कापलेल्या ३५ जणांपैकी १६ दगावले होते. नव्या पद्धतीनंतर ४० पैकी ६.

आता हिंगोलीकडे वळण्यासाठी एडिंबरोहून हैदराबादला यावे लागते, आणि ही वाट नात्यागोत्याची आहे. लिस्टर यांचे सासरे जेम्स साइम हे एडिंबरोतले त्या काळचे थोर सर्जन. साइम यांचा एक शिष्य एडवर्ड लॉरी पुढे हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन झाला. तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि इथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. निजामाच्या राज्यात पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारी शाळा १८४६ मध्ये हैदराबादेत निघाली, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजनंतर अवघ्या वर्षाने. तिथे शिक्षण उर्दूतून चाले. लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेसाठी दोन आयोग नेमवले. दुसऱ्याला निजाम महबूब अली खान यांनी पैसा दिला. भूल देताना नाडीपेक्षा श्वासाकडे पाहा, हे लॉरी यांचे म्हणणे, म्हणजे गुरू साइम यांचीच शिकवण. याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत गणल्या जातात. हे वाचून मराठवाड्यातल्या माणसाला अभिमान वाटावा आणि खंतही. राजधानीत जगाचे लक्ष वेधणारे प्रयोग चालू होते, आणि परभणी-हिंगोलीकडच्या खेड्यातल्या बाईच्या बाळाची नाळ तेव्हा आणि नंतरही कित्येक वर्षे विळ्याने किंवा दगडावर ठेवून कापली जात होती. बाळाला धनुर्वात झाला तर घरचे दैवाला दोष देत. माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटला, असे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले ते २०१५ मध्ये.

खेड्यातल्या घरांना स्वच्छतेची जाण नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. सुश्रुतसंहितेत जखमी माणसाच्या खोलीला मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांचा धूर द्यावा, असे सांगितले आहे. वैद्याने नखे-केस कापलेले ठेवावेत, शुभ्र वस्त्रे नेसावीत, असेही त्यात आहे. बाळ-बाळंतिणीला ओवा-शेपांची धुरी देण्याची रीत मराठवाड्यातल्या आजींनी आपल्या डोळ्यांसमोरच्या काळापर्यंत चालवली. बाळंतिणीच्या खोलीत कुणीही उठून जाऊ नये हा नियमही त्यातलाच. आजच्या ओटीत लाल रेषेपलीकडे नातेवाइकांना सोडत नाहीत, त्यामागचे कारण वेगळे शोधावे लागत नाही.

आणि हळद. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतचा हळदीचा बाजार राज्यात प्रसिद्ध आहे. कापले, भाजले, खरचटले की चिमूटभर हळद, हा इथला पहिला उपचार. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याच्या 'शोधा'चे पेटंट मिळाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुरावा म्हणून मांडले, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. ज्ञान आपले होते, हे सिद्ध झाले. तरी टाके घातलेल्या जखमेवर घरची हळद भरू नये, असे डॉक्टर सांगतात आणि त्यांचे बरोबर आहे. डब्यातली हळद वाफेतून निघालेली नसते. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बाबतीत परंपरेचा अभिमान आणि ओटीचा नियम यांत निवड करायची वेळ आली, तर नियम पाळावा.

पोशाख बदलला तो जर्मनीत. लिस्टर जंतू मारायला निघाले होते. जर्मन सर्जन म्हणाले, जंतू आत येऊच देऊ नका. कीलच्या गुस्टाव नॉयबर यांनी १८८०च्या दशकात स्वच्छ धुतलेले गाऊन आणि टोप्या सक्तीच्या केल्या. बर्लिनमध्ये अर्न्स्ट फॉन बर्गमान आणि त्यांचे सहायक शिमेलबुश यांनी कापड वाफेत निर्जंतुक करण्याची पद्धत बसवली. आपल्याकडच्या प्रत्येक ओटीत दिसणारा तो भोकांचा ड्रम शिमेलबुश यांच्याच घराण्यातला. वाफेचे बंद भांडे त्याआधी, १८७९ मध्ये, पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी बनवले होते. १८९७ मध्ये ब्रेस्लाऊचे मिकुलिच यांनी तोंडावर जाळीदार कापड बांधून शस्त्रक्रिया केली. बोलताना तोंडातून उडणाऱ्या थेंबांत जंतू असतात, हे त्यांच्याच शहरातल्या फ्ल्युगे यांनी दाखवून दिले होते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पॉल बर्जे यांनीही मास्क लावला.

हातमोज्यांचा जन्म मात्र रुग्णाच्या काळजीतून झाला नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांना जंतुनाशकातल्या पाऱ्याच्या क्षारामुळे इसब झाले. सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. पुढे त्या दोघांनी लग्न केले. मोज्यांमुळे रुग्णांच्या जखमा कमी चिघळतात, हे त्यानंतर काही वर्षांनी लक्षात आले. आज रुग्णाच्या संरक्षणाचे चिन्ह समजला जाणारा मोजा एका सिस्टरचे हात वाचवण्यासाठी आला, ही गोष्ट नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

हे सारे महाराष्ट्रात पोचायला फार वेळ लागला नाही, पण ते मोठ्या शहरांत आणि मिशनच्या दवाखान्यांत पोचले. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि पाहता पाहता मिरज हे शस्त्रक्रियेचे गाव झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये काशीबाई गणपत या परिचारिकेच्या शिक्षणासाठी दाखल झाल्या. पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ओटीची शिस्त टिकते ती अशा शिकलेल्या सिस्टरांवर. गावोगावी दवाखाने निघण्याच्याही आधी ही माणसे तयार व्हायला हवी होती. मराठवाड्यात ती फार उशिरा तयार झाली.

नवी शिस्त पाळूनही धोका संपत नव्हता, हे पुण्यातल्या एका प्रसिद्ध शस्त्रक्रियेवरून दिसते. येरवडा तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींना आंत्रपुच्छाचा तीव्र त्रास सुरू झाला आणि १२ जानेवारी १९२४च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळी पाऊस होता. मध्येच वीज गेली. हातातली विजेरीही विझली आणि कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पुरी करावी लागली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण नंतर त्या जागी गळू झाले आणि प्रकृती अपेक्षेपेक्षा सावकाश सुधारली. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना मुक्त केले. देशातला सर्वांत महत्त्वाचा कैदी, सरकारी सर्जन, पुण्यातले मोठे रुग्णालय, आणि तरीही पू. तेव्हा प्रतिजैविके नव्हती.

ती आली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आणि १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिल्यावर पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. त्याने असंख्य जीव वाचवले. एक दुष्परिणामही झाला, तो स्पष्ट बोलायला हवा: वाफेत राहिलेली कसर सुईने भरून काढता येते, अशी सवय लागली. ड्रम नीट तापला नाही, हात घाईत धुतले, तरी पाच दिवस इंजेक्शने दिली की झाले. आज अनेक जंतू त्या औषधांना दाद देत नाहीत, आणि ओटीतल्या मूळ शिस्तीकडे परतण्यावाचून वाट उरलेली नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. तेव्हाच्या औरंगाबादचे वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला लोक 'घाटी' म्हणतात, १९५६ मध्ये सुरू झाले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. दरम्यानच्या दशकांत ग्रामीण भागातल्या ओट्या ज्या साधनांवर चालल्या, त्यांचा इतिहास कुणी नीट लिहिलेला नाही, आणि तो लिहिला जायला हवा. स्टोव्हवर ठेवलेला ऑटोक्लेव्ह. त्यापेक्षा लहान दवाखान्यात घरगुती प्रेशर कुकर. तत्त्व तेच, दाबाखालची वाफ. रबरी हातमोजे एकदा वापरून फेकण्याची चैन नव्हती. ते धुवायचे, पाणी भरून कुठे गळते का ते पाहायचे, छिद्रावर ठिगळ लावायचे, टाल्कम पावडर लावून जोडीजोडीने कापडात गुंडाळायचे आणि पुन्हा ड्रममध्ये. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली, आणि त्यानंतर हळूहळू एकदाच वापरायच्या मोज्यांचा आग्रह वाढला. पुन्हा तेच: मोजा परत एकदा डॉक्टर-सिस्टरांच्या जिवासाठी बदलला.

ग्रामीण सर्जनच्या हिकमतीचे सर्वांत सुंदर उदाहरण कापडाचेच आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियासाठी लागणाऱ्या महागड्या आयात जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड वापरून पाहिले. धुऊन, कापून, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त त्याचे निष्कर्ष मांडले. पुढे परदेशी सर्जनांनीही या कापडाचा अभ्यास केला आणि युगांडातल्या एका चाचणीत अशी स्वस्त जाळी व्यावसायिक जाळीच्या तोडीची ठरली. ते २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले. गरिबी म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे दोंडाईचाने जगाला दाखवले. पण त्या कापडाला वाफ चुकली असती तर तीच जाळी पोटात पू घेऊन बसली असती. स्वस्त कापड चालते, कच्ची वाफ चालत नाही.

शिबिरांचा इतिहास याच्या उलट आहे. १९८६च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथे नेत्रशिबिरात ८८ जणांचे मोतीबिंदू काढले गेले आणि त्यांतल्या ८४ जणांचे डोळे संसर्गाने कायमचे गेले. डोळे धुवायला वापरलेल्या सलाइनमधून जंतू आले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूरजवळ बंद पडलेल्या रुग्णालयाच्या इमारतीत एका डॉक्टरने काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदी शस्त्रक्रिया केल्या. त्या वेळच्या शिबिरांतल्या १३ स्त्रिया दगावल्या. औषध सदोष होते की संसर्ग झाला, यावर पुष्कळ वाद झाला. पण सरकारचाच नियम एका पथकाने दिवसाला जास्तीत जास्त ३० असा होता. दोन शस्त्रक्रियांमध्ये पोटात घालायची दुर्बीण जंतुनाशकात ठरावीक वेळ बुडवून ठेवावी लागते. ८३चा हिशेब त्या वेळेत बसत नाही. १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. मराठवाड्यातल्या गरीब घरांतल्या बायकांनी कुटुंब नियोजनाचा भार पिढ्यान्‌पिढ्या उचलला आहे. त्यांच्यासाठी एकेक निर्जंतुक होल टॉवेल आणि एकेक खाट हा उपकार नव्हे, तो त्यांचा हक्क आहे.

रुग्ण ओटीत शिरताना कापडाचा आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याला शहरी पुस्तकांत जागा नाही. लुगडे किंवा साडी बदलून मागे बंध असलेला गाऊन घालायचा, म्हणजे म्हाताऱ्या बाईला उघड्यावर आल्यासारखे होते. त्यात मंगळसूत्र, जोडवी, हिरव्या बांगड्या. विजेच्या कॉटरीने रक्त थांबवताना धातूला अंग भाजण्याचा धोका असतो, सुजलेल्या बोटात जोडवे रुतते, म्हणून ते काढायलाच हवे. पण नवरा बाहेर उभा असताना बांगडी उतरवणे तिला अशुभ वाटते. शहाण्या सिस्टर इथे हुकूम सोडत नाहीत. मंगळसूत्र तिच्या सासूच्या किंवा आईच्या हातात तिच्यासमोर देतात, न निघणाऱ्या काचेच्या बांगड्या गॉजने गुंडाळून चिकटपट्टी लावतात, आणि 'टाके निघाले की मी स्वतः चुडा भरायला सांगते' म्हणतात. संसर्ग नियंत्रणाच्या नियमपुस्तकात हे कौशल्य लिहिलेले नसते. ते नसले तर बाई पदराखाली काहीतरी दडवून टेबलावर येते.

रंगाचे बोलायचे तर पांढरा रंग गेला तो विसाव्या शतकात. पांढऱ्या कापडावरून परावर्तित होणारा दिव्यांचा झगझगीत उजेड डोळ्यांना त्रास देतो, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचे हॅरी शर्मन यांनी १९१४च्या सुमारास पालकाच्या रंगाचे कापड आणले. लाल रक्ताकडे तासन्‌तास पाहिल्यावर हिरव्यावर नजर विसावते.

एवढ्या सगळ्या पोशाखातला कोणता भाग खरोखर जीव वाचवतो? इथे उत्तर थोडे धक्कादायक आहे. स्वीडनमधल्या टुनेवाल यांनी १९९१ मध्ये ३,०८८ शस्त्रक्रियांचा अभ्यास मांडला. सर्वांनी मास्क लावला तेव्हा ४.७ टक्के जखमांत संसर्ग झाला, लावला नाही तेव्हा ३.५ टक्के, फरक गणिताने गौण ठरला. म्हणून मास्क टाकून द्यावा असा त्याचा अर्थ नाही. रक्ताचा फवारा सर्जनच्या तोंडावर उडतो, तो मास्क अडवतो. पण ओटीच्या दारात चपला बदलल्या आणि मास्क चढवला की शुद्ध झालो, ही भावना खोटी आहे. फॉर्मॅलिनचेही तसेच. रात्रभर खोली बंद करून फॉर्मॅलिनचा धूर देण्याची पद्धत आपल्याकडे कित्येक दशके धर्मासारखी पाळली गेली. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकले. फरशी, टेबल, दिवा ओल्या फडक्याने जंतुनाशक लावून पुसणे हे धुरापेक्षा जास्त कामाचे आहे. पण धूर दिसतो, पुसलेली फरशी दिसत नाही.

जे निःसंशय टिकले ते मोजके आहे: वाफ, हात, वेळेवर दिलेला प्रतिजैविकाचा एक डोस, आणि बोलून घेतलेली यादी. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी आठ शहरांत तपासली गेली, त्यांत दिल्लीही होती. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मृत्यू आणि गुंतागुंत दोन्ही घटल्याचे दिसले. सुरी लावण्याआधी रुग्णाचे नाव, जागा आणि औषध मोठ्याने म्हणायचे, आणि अवजारांची निर्जंतुकता तपासली का हे सिस्टरने सांगायचे. तिला बोलायची मुभा असणे हेही संसर्ग नियंत्रणच.

हातांसाठी पाणी लागते, आणि मराठवाड्यात पाण्याचा प्रश्न येतोच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. ती 'जलदूत' गाडी मिरजेहून निघत होती, वॉनलेस यांच्या मिरजेहून. टँकरच्या दिवसांत कोपराने उघडायच्या नळाखाली पाच मिनिटे हात धरणे ही साधी गोष्ट राहत नाही. याला शास्त्राने उत्तर दिले आहे. फ्रान्समधल्या पारियेंती आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की ब्रशने घासून धुण्याइतकाच अल्कोहोलचा द्रव हातांना चोळणे परिणामकारक ठरते, आणि त्याने हातही कमी खराब होतात. आधी एकदा साबणाने नीट धुवायचे, मग प्रत्येक शस्त्रक्रियेआधी द्रव. हा द्रव स्थानिक पातळीवर बनवण्याची कृती जागतिक आरोग्य संघटनेने उघड करून ठेवली आहे, आणि उसाच्या मुलखात अल्कोहोलची वाण नाही.

मग २०२० आले. मुंबई आणि मालेगावच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या हिंगोलीतल्या जवानांना एप्रिल-मेमध्ये करोनाची बाधा झाली आणि हा शांत जिल्हा एकाएकी बातम्यांत आला. ओटीतला पोशाख रस्त्यावर उतरला. एरवी फक्त शस्त्रक्रियागृहात दिसणारा मास्क भाजीवालीच्या तोंडावर दिसू लागला. पीपीई किट घालणे आणि त्याहून अवघड असे ते उतरवणे, याचे धडे वॉर्डबॉयपासून रुग्णवाहिकेच्या चालकापर्यंत सर्वांनी घेतले. मराठवाड्याच्या मे महिन्यात, चाळिशी ओलांडलेल्या उन्हाळ्यात, त्या प्लॅस्टिकच्या पोशाखात सहा-सहा तास उभे राहिलेल्या सिस्टरांचे ऋण जिल्ह्याने विसरू नये. देशात त्याआधी पीपीई किट जवळपास बनत नव्हते. मे २०२० पर्यंत भारत त्यांच्या उत्पादनात चीननंतर दुसऱ्या क्रमांकावर पोचला.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले आणि त्यांत हिंगोली होती. आजवर गंभीर रुग्ण नांदेडला पाठवणारा हा जिल्हा आता स्वतः डॉक्टर घडवणार आहे. नवे महाविद्यालय म्हटले की लोकप्रतिनिधींना इमारत, सीटी स्कॅन, एमआरआय आठवतात. त्यांच्या फिती कापता येतात. महाविद्यालयाचे अधिष्ठाते, जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा नियोजन समिती यांना विनंती एवढीच, की पहिल्या खर्चात चार गोष्टी धराव्यात: सर्व कापड-अवजारांसाठी एकच मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभाग, यांत्रिक धुलाईघर, ऑटोक्लेव्हसाठी न जाणारी वीज, आणि ओटीच्या नळाला उन्हाळ्यातही येणारे पाणी. आणि हे काम करणाऱ्या सिस्टर, मावशी, मामांना कायम नेमणूक आणि प्रशिक्षण द्यावे. वर्षभरात किती जखमांत पू झाला, तो आकडा महाविद्यालयाने दर सहा महिन्यांनी जाहीर करावा. तो आकडा खाली आला की कामाची पावती मिळाली असे समजावे.

वाचकांसाठीही एक काम आहे. घरचे माणूस शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले, तर ड्रमवरची चिकटपट्टी पाहायला मिळेल का, असे सिस्टरना नम्रपणे विचारावे. ड्रम वाफेतून गेला असला की त्या पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात. टाके निघेपर्यंत रुग्णाच्या खाटेवर बसू नये, जखमेची पट्टी उघडून पाहू नये, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी हात धुवायला सांगावे, मग तो पाहुणा वयाने कितीही मोठा असो.